क्लब घेतला कर्जाने, कर्ज चढवलं क्लबवर: लिव्हरपूल आणि बँकेचं २०१० चं प्रकरण

सूरसागरकाठची

नमस्कार. येत्या रविवारी बडोद्यात आमच्या भागातल्या फुटबॉल क्लबची सभा आहे. माझा मुलगा आठ वर्षांचा असल्यापासून तिथे खेळतो. क्लबचं नाव इथे लिहीत नाही. दोन नवे भागीदार क्लब चालवायला घेताहेत. त्यासाठी लागणारं कर्ज क्लबच्या नावावर, मैदानाला लागून असलेल्या क्लबच्या जागेवर काढायचं, असा ठराव येणार आहे. पालकांच्या ग्रुपवर सगळे आनंदात आहेत. टर्फ येणार, दिवे येणार. मी विचारलं, फेडणार कोण? उत्तर आलं, "ताई, क्लब मोठा झाला की कर्ज आपोआप फिटतं."

हे मी आधी ऐकलंय. म्हणून हा धागा.

मी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबची चाहती, २००५ च्या इस्तंबूलमधल्या युरोपच्या फायनलपासून. तेव्हा अकरावी नुकतीच संपली होती. ०-३ चे ३-३ झाले तेव्हा दांडियाबजारच्या घरात मी बाबांना झोपेतून उठवलं होतं. बाबा बँकेत होते, कर्ज विभागात. फुटबॉल त्यांना कळत नव्हता, पण पुढे पाच वर्षांनी माझ्या क्लबचं काय चाललंय ते मला त्यांनीच समजावून सांगितलं.

फेब्रुवारी २००७ मध्ये टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या दोन अमेरिकन धनिकांनी लिव्हरपूल विकत घेतला. क्लबचं जुनं देणं धरून सौदा सुमारे २१.९ कोटी पौंडांचा. क्लबवर कर्जाचा बोजा टाकणार नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलं. स्टॅन्ली पार्कमध्ये नव्या स्टेडियमसाठी ६० दिवसांत कुदळ पडेल, हेही सांगितलं. आम्ही विश्वास ठेवला. त्याच मे महिन्यात अथेन्सला पुन्हा युरोपची फायनल होती, कोण कागद बघत बसणार?

खरेदीचा पैसा रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडकडून (आरबीएस) आला होता, म्हणजे उसना. जानेवारी २००८ मध्ये आरबीएस आणि अमेरिकेतली वाकोव्हिया या दोघींकडून ३५ कोटी पौंडांचं फेरकर्ज, म्हणजे जुन्याच्या जागी नवं कर्ज, झालं. मालकांनी मध्ये एक धारक कंपनी ठेवली होती, क्लब तिच्या नावावर होता. २००८-०९ च्या तिच्या हिशेबात सुमारे ५.५ कोटी पौंडांचा तोटा, आणि व्याजच ४ कोटी. कंपनी पुढे चालू राहील की नाही याबद्दल मोठी अनिश्चितता आहे, असं केपीएमजी या ऑडिटर कंपनीने ताळेबंदावर लिहिलं. बाबांनी तो शेरा वाचला आणि म्हणाले, "ऑडिटर हे सहजासहजी लिहीत नाही. तुझा क्लब आजारी नाहीये गं, त्याच्या मालकांचं खातं आजारी आहे."

ते वाक्य मला आजही पुरतं. तिकिटं विकली जात होती, जर्सी विकली जात होती, टीव्हीचे पैसे येत होते. २००८-०९ च्या हंगामात संघ ८६ गुण घेऊन दुसरा आला होता. आणि तरी क्लब ज्या पैशाने विकत घेतला त्या पैशाचं व्याज क्लबच्याच कमाईतून जात होतं. कुदळ कधी पडलीच नाही.

मधल्या काळात आरबीएस स्वतःच बुडायला आली. ऑक्टोबर २००८ मध्ये ब्रिटिश सरकारने तिला वाचवलं आणि पुढे सरकारचा हिस्सा ८४ टक्क्यांवर गेला. म्हणजे आता लिव्हरपूलचं कर्ज अर्थाअर्थी जनतेच्या बँकेकडे होतं. मुदत वाढत वाढत गेली. एप्रिल २०१० मध्ये बँकेने अट घातली: क्लब विका. त्यासाठी ब्रिटिश एअरवेजचे चेअरमन मार्टिन ब्रॉटन यांना अध्यक्ष करा, आणि संचालक मंडळात बदल करायचा अधिकार फक्त त्यांना राहील असं लिहून द्या. मालकांनी ते लिहून दिलं. शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, देणं सुमारे २३.७ कोटी पौंड.

आता बडोदेकरांनी कॅलेंडर आठवावं. २०१० चं नवरात्र ८ ऑक्टोबरला बसलं होतं.

५ तारखेला संचालकांची बैठक होती. बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या जॉन हेन्री यांच्या न्यू इंग्लंड स्पोर्ट्स व्हेंचर्सचा ३० कोटी पौंडांचा देकार समोर होता. त्याच दिवशी हिक्स-जिलेटनी क्रिश्चन पर्स्लो आणि इयन एअर या दोन संचालकांना काढून आपली दोन माणसं बसवायचा प्रयत्न केला. त्यांतला एक हिक्स यांचा मुलगा. ब्रॉटन, पर्स्लो आणि एअर या तिघांनी तरीही विक्रीला मंजुरी दिली. मग बँक मालकांविरुद्ध लंडनच्या हायकोर्टात गेली.

१३ तारखेला न्यायमूर्ती फ्लॉइड यांनी बँकेच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे दुपार उलटली होती. मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीबाहेर उभं राहून फोनवर वाचलं. एम.कॉम.चं दुसरं वर्ष होतं, डोळ्यांत पाणी आलं, मैत्रिणीला वाटलं घरून काही वाईट बातमी आहे. रात्री गरब्याहून परत आले तर डॅलसच्या एका कोर्टाने विक्री रोखल्याची बातमी! मालकांनी टेक्सासमध्ये दावा लावला होता, १६० कोटी डॉलरच्या नुकसानभरपाईचा. १४ ला लंडनच्या कोर्टाने हुकूम दिला: तो दावा उद्या दुपारी चारपर्यंत मागे घ्या. लंडनचे चार म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. १५ तारीख, अष्टमी. बाहेर ढोल सुरू झालेले, आई चणिया-चोळी इस्त्री करून बसलेली, आणि मी बाबांच्या कॉम्प्युटरसमोर. डॅलसचा मनाईहुकूम उठला, विक्री झाली. त्या रात्री मी गरब्यात किती फेर धरले ते मोजले नाहीत.

(दसऱ्याच्या दिवशी एव्हर्टनकडून ०-२ हरलो आणि संघ शेवटून दुसरा होता, तो भाग वेगळा. त्या दिवशी तेही चाललं.)

बँकेत काम केलेल्यांनी यावर लिहावं. मला रविवारी बोलायचंय.

जुना लेजर, कारेलीबाग

ताई, तुमच्या वडिलांनी नेमकं सांगितलं. मी तीस वर्षं कर्जखात्यात काढली, म्हणून दोन गोष्टी जरा विस्ताराने.

लोकांना वाटतं बँकेला क्लब गिळायचा होता. बँकेला क्लब नको असतो. मैदान, गवत, अकरा खेळाडू घेऊन ती करणार काय? तिला मुद्दल हवं, व्याज हवं, आणि खातं बंद झालेलं हवं. १५ तारीख टळली असती तर धारक कंपनीवर प्रशासक, म्हणजे बुडत्या कंपनीचा कारभार हाती घेणारा माणूस, नेमायचा मार्ग बँकेकडे होता. पण तसं झालं की लीग ९ गुण कापण्याची भीती. त्याच वर्षी फेब्रुवारीत पोर्ट्समथ क्लबचं तेच झालं होतं, प्रशासक आले आणि ९ गुण गेले. संघ खाली गेला की टीव्हीचा पैसा जातो, म्हणजे तारणाची किंमत बँकेच्या स्वतःच्या हाताने कमी होते. म्हणून बँकेला विक्री हवी होती. तिचा आणि चाहत्यांचा रस्ता तेवढ्यापुरता एक झाला. त्याला मैत्री समजू नये.

आणि बँकेचा दोष मी झाकणार नाही. खरेदी करणाऱ्याचं स्वतःचं भांडवल किती, हे २००७ मध्येच विचारायला हवं होतं. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे, कर्जदाराचा हात किती खोल गुंतलाय ते आधी बघ. ज्याचे स्वतःचे पैसे अडकलेले नसतात तो वाईट दिवसांत निघून जातो. त्या काळात सगळ्या जगाच्या बँका हे विसरल्या होत्या, आणि मग मुदतवाढ देत राहिल्या. मुदतवाढ देताना अधिकाऱ्याला बरं वाटतं, कारण त्या दिवशी खातं थकीत दिसत नाही. मीही दिल्या आहेत. मकरपुऱ्याच्या एका कारखान्याला तीनदा मुदतवाढ दिली. कारखाना चांगला चालायचा, पण मालकाने नफा दुसऱ्या जमिनीच्या व्यवहारात फिरवला होता. बंद पडला तेव्हा १४० कामगार गेटवर उभे होते. त्यांचा त्यात काहीच दोष नव्हता. तुमचं लिव्हरपूलचं वर्णन वाचताना मला ते गेट दिसत होतं.

दुसरी गोष्ट त्या पत्राची. एप्रिलमध्ये मालकांनी लिहून दिलं की मंडळात बदल फक्त अध्यक्ष करतील. कोर्टातला सगळा निकाल त्या एका कागदावर फिरला. क्लबची किंमत किती, मालक चांगले की वाईट, हे प्रश्न नंतरचे. सही केली होती की नाही? केली होती. त्या सहीवर मुदत घेतली होती की नाही? घेतली होती. मग ऑक्टोबरमध्ये ती सही नाकारता येत नाही.

मांजलपूरचा युनायटेडवाला

मी पलीकडच्या गोटातला, पण या विषयात आपण एकाच बाकावर बसतो. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला, त्यातला मोठा भाग कर्जाचा, आणि ते कर्ज क्लबच्या माथी. आधी क्लबवर कर्जच नव्हतं! २०१० मध्ये आमचे लोक हिरवे-पिवळे मफलर घालून ओल्ड ट्रॅफर्डला बसायचे. क्लब ज्या न्यूटन हीथ नावाने सुरू झाला त्याचे ते रंग.

आम्ही निभावलो, कारण कमाई अफाट होती आणि फर्ग्युसनसारखे मॅनेजर होते. पण व्याजात गेलेला पैसा गेलाच. स्टेडियमचं छप्पर गळतं ते सगळ्या जगाने पाहिलंय. ताई, तुमच्या क्लबची कमाई काय? फी आणि वर्षाला एक स्पर्धा. तिथे हा बोजा किती महिने पेलेल?

राजवाडा चौक, इंदूर

थोडं उलट बोलतो, राग नसावा. ३० कोटींत विकला गेलेला क्लब आज अब्जावधी डॉलरचा आहे. हिक्स म्हणत होते की किंमत याच्या दुपटीहून जास्त आहे. मग ते खोटं होतं का? घाईत विकायला लावून मालकांचं नुकसान केलं, हा मुद्दा पूर्ण टाकाऊ नाही. सिंगापूरच्या पीटर लिम यांनीही वाढीव देकार दिला होता. आमच्या सराफ्यात एखादा अडला की त्याचं सोनं कोणत्या भावाने जातं ते मी लहानपणापासून बघतोय. अडलेल्याला भाव मिळत नाही, हे अन्यायाचंच असतं.

सूरसागरकाठची

राजवाडा चौक, राग कसला. हा मुद्दा मलाही बरेच दिवस छळत होता.

पण किंमत कशाने वाढली ते बघा. विक्रीने खरेदीचं कर्ज पुसलं गेलं. ब्रॉटन यांनी तेव्हा सांगितलं की कर्जापोटी वर्षाला जे अडीच ते तीन कोटी पौंड जात होते ते २०-३० लाखांवर आले. मग तो पैसा संघात आणि मैदानात जाऊ शकला. नव्या स्टेडियमचं स्वप्न सोडून नव्या मालकांनी जुनं मैदान ॲनफिल्डच वाढवलं. २०१६ मध्ये मुख्य स्टँड, पुढे ॲनफिल्ड रोडची बाजू, आज ६१ हजारांच्या वर माणसं बसतात. २०१९ ला युरोपचा करंडक, २०२० ला तीस वर्षांनी लीग, २०२५ ला पुन्हा. कर्ज डोक्यावर असताना हे झालं असतं असं मला वाटत नाही. भाव नंतर आला, कारण आधी गळ्यातला दोर निघाला.

आणि अडलेला कोण होता? तुमच्या सराफ्यातला माणूस आजारपणासाठी, लग्नासाठी अडतो. हिक्स यांच्या कंपनीने अमेरिकेत २००९ मध्येच ५२.५ कोटी डॉलरचं कर्ज थकवलं होतं. त्यांचा टेक्सास रेंजर्स हा बेसबॉल संघ २०१० च्या मे महिन्यात दिवाळखोरीत गेला आणि ऑगस्टमध्ये कोर्टाच्या लिलावात विकला गेला. जी पद्धत तिथे फसली तीच इथे.

नवे मालक देव आहेत असं मी म्हणत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं तेव्हा हजारो लोक ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर गेले, आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. लोकांना ही ताकद २००८ ते २०१० मध्ये कळली. सँडन या पबमध्ये जमून 'स्पिरिट ऑफ शँक्ली' नावाची चाहत्यांची युनियन काढली होती. हिक्स अमुक फंडाकडे फेरकर्ज मागताहेत अशी बातमी आली की त्या फंडाच्या अधिकाऱ्यांना ई-मेलचा पाऊस पाडायचे. माझेही दोन होते त्यात. इंग्रजी बाबांनी तपासून दिलं होतं.

ग्लासगोत बडोदेकर

इथे वीस वर्षं आहे, म्हणून इथल्या रेंजर्स फुटबॉल क्लबचं लिहितो. कारण बँक बाजूला झाली म्हणजे संकट टळलं असं नसतं.

क्लबवर लॉइड्स बँकेचं सुमारे १.८ कोटी पौंडांचं कर्ज होतं आणि बँकेला खातं मिटवायचं होतं. मे २०११ मध्ये क्रेग व्हाइट यांनी आधीचे मालक डेव्हिड मरे यांच्याकडून ८५ टक्के हिस्सा एका पौंडाला घेतला. बँकेचे पैसे दिले. लोक खूश, बँक खूश. मागून कळलं की पैसा आला होता तिकेटस नावाच्या कंपनीकडून, पुढच्या हंगामांची तिकिटं आधीच विकून! म्हणजे चाहत्यांचाच उद्याचा पैसा. मग खर्चाला काय उरणार? कर भरला गेला नाही. १४ फेब्रुवारी २०१२ ला प्रशासक आले. जूनमध्ये करखात्याने तडजोड नाकारली आणि १८७२ पासूनच्या क्लबची कंपनी अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळायला निघाली. संघाने चौथ्या पायरीपासून सुरुवात केली. फसवणुकीच्या खटल्यात २०१७ मध्ये ज्युरीने व्हाइट यांना निर्दोष ठरवलं, तेही नोंदवतो.

माझ्या शेजारच्या आजोबांनी चाळीस वर्षं एकच खुर्ची राखली होती. त्या जूनमध्ये ते रोज बागेत येऊन नुसते उभे राहायचे. त्यांना काय बोलावं ते मला सुचायचं नाही.

ताई, सभेत एवढं नक्की विचारा: पुढच्या वर्षांची फी आगाऊ घेऊन हप्ते भरायचा विचार आहे का?

वाचनमात्र_७

ताई, तुमचा क्लब बहुतेक ओळखला. माझी मुलगी तिथेच जाते. मी ठरावाला हो म्हणणार होते, टर्फचा फोटो बघून. गुंतवणारे फुटबॉलवर प्रेम करणारे आहेत हो, वाईट माणसं वाटत नाहीत.

जुना लेजर, कारेलीबाग

वाईट नसतीलही. मी ज्याला मुदतवाढ दिली तो मालकही दर दिवाळीला कामगारांच्या घरी जायचा. कागद माणसाच्या स्वभावावर लिहायचा नसतो.

'बरी' या इंग्लिश क्लबचं नाव मुद्दाम घेतो. मँचेस्टरजवळचा १८८५ सालचा क्लब, १९०० आणि १९०३ चा एफए कप जिंकलेला. मैदान गहाण होतं. डिसेंबर २०१८ मध्ये नव्या मालकाने क्लब एका पौंडाला घेतला आणि २७ ऑगस्ट २०१९ ला क्लबला लीगमधून काढून टाकलं, कारण पैसा कुठून येणार हे दाखवता आलं नाही. त्या मैदानाच्या भोवतालच्या घरांमध्ये तीन-तीन पिढ्या तिथे गेलेल्या होत्या. इंग्लंडने आता २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमलाय. बरीला तो उशिरा आला.

आपल्या गावाला हे समजायला लंडनला जायला नको. १९०८ मध्ये सयाजीरावांनी इथे बँक काढली ती लोकांची ठेव गावच्या उद्योगाला मिळावी म्हणून. कर्ज वाईट नाही. टर्फसाठी कर्ज काढा, टर्फ भाड्याने देऊन फेडा, बँक आनंदाने देईल. पण भागीदारांचा हिस्सा विकत घ्यायला क्लबची जागा गहाण टाकणं हे वेगळं प्रकरण. ताई, ठरावाची प्रत मिळवा. कर्जदार कोण, जामीनदार कोण, पैसा कशासाठी, तारण काय, एवढं इथे टाका.

सूरसागरकाठची

मिळाली प्रत. सेक्रेटरींनी सभ्यपणे दिली, त्यांनीही ती नीट वाचली नव्हती.

कर्जदार: क्लब. तारण: क्लबची जागा आणि त्यावरचं बांधकाम. जामीनदार: कोणाचंच नाव नाही. उद्देशाच्या ओळीत लिहिलंय, "क्लबचे पुनर्गठन व विकास". टर्फ हा शब्द पूर्ण ठरावात नाही. दिवे नाहीत. काका, "पुनर्गठन" म्हणजे हिस्सेखरेदी येते ना यात?

जुना लेजर, कारेलीबाग

येते. तो शब्द त्याचसाठी असतो.

ठराव पाडू नका, दुरुस्ती मांडा. पाडला तर टर्फही जाईल आणि मुलांचा हिरमोड होईल. दुरुस्ती अशी: कर्जाची रक्कम फक्त मैदान, दिवे आणि बांधकामावर खर्च होईल, आणि बँकेने ती थेट ठेकेदाराला द्यावी. दोन्ही भागीदार वैयक्तिक जामीन राहतील. जागेऐवजी टर्फचं उत्पन्न तारण म्हणून चालतं का ते बँकेला विचारावं, जागा शेवटी. फीची आगाऊ उचल हप्त्यासाठी वापरली जाणार नाही. क्लब ट्रस्ट म्हणून नोंदलेला असेल तर त्याची घटना काढा. जागा गहाण टाकायचा अधिकार मंडळाला आहे की नाही, ते तिथेच लिहिलेलं असेल.

वैयक्तिक जामिनाच्या ओळीला ते काय म्हणतात त्याकडे लक्ष ठेवा. त्यावरून मला सगळं कळायचं.

मांजलपूरचा युनायटेडवाला

काकांचा प्रतिसाद छापून घेतला. मी सभासद नाही, पण माझा भाचा आहे. त्याच्या वडिलांना देतो.

वाचनमात्र_७

दुरुस्तीला अनुमोदक लागेल ना? माझं नाव घाला. आणखी चार पालकांशी बोलले, दोघे येतो म्हणाले.

राजवाडा चौक, इंदूर

माझं म्हणणं मी अर्धं मागे घेतो. अडलेल्याबद्दल बोललो ते कायम, पण तिथे मालक अडले होते आणि इथे अडणार ती मुलं. रविवारी काय झालं ते जरूर लिहा.

सूरसागरकाठची

लिहीन. सभा सकाळी दहाला आहे, सरावानंतर, मुलं मैदानावरच असतील.

जुना लेजर काका, सभासद नसलेल्यांना अध्यक्षांच्या परवानगीने बोलता येतं. मी आजच विचारून ठेवलं. याल का? बाबा असते तर त्यांनाच नेलं असतं.

जुना लेजर, कारेलीबाग

येतो. साडेनऊला गेटपाशी थांबा.